दिव्यांग अपत्याचे घर आणि मदतीचा हात : एक ऐतिहासिक मागोवा

पेढीवरील जमाखर्चाची वही दिवाळीच्या पाडव्याला बदलली जाते. जुन्या वर्षाची येणी-देणी नव्या वहीत ओढली जातात. संसाराचाही असाच एक जमाखर्च असतो. ज्या घरात जन्मतः अथवा आजारपणामुळे दिव्यांगत्व आलेले मूल वाढत असते, त्या घराच्या वहीतील खर्चाची बाजू मात्र कधीच पुरती लिहिली जात नाही. डॉक्टरांची फी, औषधे, श्रवणयंत्र, कॅलिपर, चाकांची खुर्ची हे आकडे दिसतात. आईने सोडून दिलेली नोकरी, वडिलांचा बुडालेला रोज, दर आठवड्याला व्यायामोपचारासाठी तालुक्याच्या गावी मारलेल्या खेपा, भावंडांच्या शिक्षणात करावी लागलेली काटकसर हे आकडे कोणी मांडत नाही. हा खर्च एका वर्षात संपत नाही. मूल वाढते तसा तोही वाढतो आणि आई-वडिलांच्या वृद्धत्वाबरोबर त्याला आणखी एक प्रश्न येऊन मिळतो : "आमच्या पश्चात याचे कोण?"

या न लिहिलेल्या खर्चात समाजाने आणि शासनाने किती वाटा उचलला, याचा इतिहास उद्बोधक आहे. मदत आधी संस्थेला मिळाली, मग निराधार व्यक्तीला मिळाली. मुलाला घरी सांभाळणाऱ्या कुटुंबाकडे तिची दृष्टी सर्वांत शेवटी वळली. हा प्रवास समजून घेतला, म्हणजे आजही कोणते कुटुंब मदतीवाचून राहते आणि तेथे स्थानिक समाजाला काय करता येईल, हे स्पष्ट होते.

संस्थांचा काळ

मुंबई इलाख्यात मूकबधिर बालकांच्या शिक्षणाचा आरंभ १८८४-८५ च्या सुमारास माझगाव येथे झाला. बिशप लिओ मॉरिन यांच्या पुढाकाराने तेथे निघालेली शाळा ही देशातील या प्रकारची पहिली शाळा मानली जाते. अंध बालकांसाठी अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये मुंबईत शाळा काढली आणि १९०२ मध्ये ताडदेव येथे व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा सुरू झाली. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची वेळ आणखी उशिरा आली. त्याचे एक कारण कायद्यातच होते. १९१२ च्या भारतीय वेडेपणविषयक कायद्याने जन्मतः बुद्धीची वाढ न झालेल्या व्यक्तीला मनोरुग्णांच्याच पंक्तीत बसविले होते. रत्नागिरीचे मनोरुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभे आहे. पण शिकण्यास वेळ लागणाऱ्या मुलाला औषधापेक्षा शिक्षण हवे असते, हा विचार त्या काळच्या कायद्याला सुचलेला नव्हता. मनोरुग्ण आणि मतिमंद या दोन अवस्था भिन्न आहेत, असे कायद्याने स्पष्टपणे मान्य करण्यास १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा यावा लागला.

कायद्याला जे सुचले नाही, ते आई-वडिलांना सुचले. १९४४ मध्ये मुंबईतील जय आणि होरमसजी वकील या दांपत्याने आपल्या मुलीच्या गरजेतून विशेष शाळेचा पाया घातला. आज शिवडी येथील जय वकील संस्था म्हणून ती सर्वपरिचित आहे. पुण्यात १९६४ मध्ये 'कामायनी' उभी राहिली. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी मेंदूच्या पक्षाघाताने बाधित असलेल्या आपल्या मुलीच्या निमित्ताने मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली. या संस्थांच्या मुळाशी बहुतेक वेळा एक घर, एक मूल आणि हार न मानणारी एक आई आढळते.

परंतु या सर्व शाळा मुंबई-पुण्यात होत्या. मंडणगड, गुहागर किंवा राजापूर तालुक्यातील पालकाला मूल शिकवायचे तर ते घरापासून दूर वसतिगृहात ठेवावे लागे, अथवा शिक्षणाचा विचारच सोडून द्यावा लागे. बहुसंख्य कुटुंबांनी दुसरा मार्ग पत्करला. पुढे चित्र हळूहळू पालटले. रत्नागिरी शहरात 'आविष्कार' संस्थेचे सविता कामत विद्यामंदिर आणि प्रौढ मुलांसाठीची शामराव भिडे कार्यशाळा, दापोलीत इंदिराबाई बडे कर्णबधिर विद्यालय, मंडणगड तालुक्यातील घराडी येथे स्नेहज्योती अंध विद्यालय अशी ठिकाणे जिल्ह्यातच उपलब्ध झाली. स्थानिक देणगीदारांच्या आणि कार्यकर्त्यांच्या कष्टांवर उभ्या राहिलेल्या या संस्थांचे मोल शब्दांत सांगता येणार नाही.

तथापि, आर्थिक मदतीच्या दृष्टीने या व्यवस्थेत एक उणीव होती. शासनाचे वेतन अनुदान आणि निवासी विद्यार्थ्यांसाठीचे परिपोषण अनुदान संस्थेला मिळते, आणि ते योग्यच आहे. त्यावाचून शाळा चालणार नाही. पण त्याचा अर्थ असाही झाला की, मूल निवासी शाळेत गेले तर त्याच्या अन्नवस्त्रासाठी सार्वजनिक निधीतून रक्कम मिळे आणि तेच मूल आईच्या मांडीवर घरी राहिले तर त्याच्या घासासाठी तशी तरतूद नसे. अतितीव्र दिव्यांगत्वामुळे ज्या मुलांना कोणतीही शाळा घेऊ शकत नव्हती, त्यांच्या वाट्याला तर या मदतीतील काहीच येत नव्हते.

शिष्यवृत्ती, जयपूर फूट आणि १९८१ चे वर्ष

मुलाच्या नावे थेट मदत देण्याचा पहिला मार्ग शिष्यवृत्तीचा होता. केंद्र शासनाने १९५५ मध्ये अंध, मूकबधिर व अस्थिव्यंग विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. १९७४ मध्ये अपंग बालकांसाठी एकात्म शिक्षण योजना आली आणि सर्वसाधारण शाळेत बसणाऱ्या अशा मुलांना पुस्तके, गणवेश व प्रवास यांसाठी भत्ते देण्याचे ठरले. या योजनेत मदतनीस भत्त्याचीही तरतूद होती. चालता न येणाऱ्या मुलाला शाळेत पोहोचविणाऱ्या माणसाचाही काही खर्च असतो, हे सरकारी कागदावर मान्य झाले. रक्कम अल्प होती; विचार मात्र मोलाचा होता.

याच सुमारास जैन समाजाला परिचित असलेली एक मोठी घटना घडली. जयपूरमध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास कृत्रिम पाय विकसित केला होता. या पायाने मांडी घालून बसता येई, शेतात अनवाणी चालता येई. परंतु तो गरजूंपर्यंत पोहोचविणारी यंत्रणा नव्हती. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या पर्वात, १९७५ मध्ये, देवेंद्रराज मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि हा पाय विनामूल्य बसविण्याचे कार्य आरंभिले. जात, धर्म, प्रांत न पाहता चाललेले हे कार्य पुढे देशाच्या सीमा ओलांडून अनेक राष्ट्रांत पोहोचले. मदत मागणाऱ्याला ताटकळत न ठेवणे, त्याच्या राहण्याजेवणाची सोय करणे आणि तो स्वतःच्या पायांनी घरी जाईल असे पाहणे, ही या कामाची पद्धत पुढील सर्व सेवाकार्यांना मार्गदर्शक ठरावी अशी आहे.

बालकांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. प्रौढाला बसविलेला पाय काही वर्षे चालतो. वाढत्या वयाच्या मुलाचा पाय, कॅलिपर किंवा बूट लवकर तोकडा पडतो. म्हणजे एकदा दिलेल्या साधनाने कुटुंबाचा भार कायमचा उतरत नाही, तो पुन्हा पुन्हा येतो. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८१ हे वर्ष आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळले. त्याच वर्षी केंद्र शासनाने साहाय्यभूत साधने पुरविण्याची योजना सुरू केली आणि तिची व्याप्ती पुढे वाढत गेली. २०१४ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार ऐकू न येणाऱ्या लहान बालकांच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी प्रत्येकी ६ लाख रुपयांपर्यंतचा खर्च या योजनेत धरण्यात आला. यंत्र मिळाले तरी वाचा येण्यासाठी पुढे दीर्घकाळ वाक्‌उपचार करावे लागतात. त्यांसाठीच्या खेपा, मुक्काम आणि बुडालेले दिवस यांचा भार मात्र घरावरच राहतो.

निराधार अनुदान : दरमहा हाती येणारी रक्कम

महाराष्ट्रात गरजू व्यक्तीच्या हाती दरमहा काही रक्कम देण्याचा मोठा निर्णय १९८० मध्ये झाला. तत्कालीन मुख्यमंत्री बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले हे कोकणचेच सुपुत्र. मंडणगडच्या पलीकडे सावित्रीच्या तीरावरील आंबेत हे त्यांचे गाव. त्यांच्या कारकिर्दीत सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना विधवा, अनाथ, दुर्धर आजाराने पीडित आणि अपंग यांना मासिक अनुदान देऊ लागली. तलाठ्याचा दाखला, तहसील कार्यालयातील अर्ज, समितीची मंजुरी, हयातीचा दाखला हे शब्द तेव्हापासून खेड्यापाड्यांतील घरांच्या बोलण्यात आले.

अनुदानाची रक्कम काळाच्या मागोमाग, पण बहुधा मागे राहूनच, वाढत गेली. २००८ मध्ये ती एका लाभार्थ्यास दरमहा ६०० रुपये आणि कुटुंबात एकाहून अधिक लाभार्थी असल्यास ९०० रुपये अशी होती. २०१९ मध्ये ती १,००० रुपये झाली, २०२३ मध्ये १,५०० रुपये झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांसाठी त्यात आणखी १,००० रुपयांची भर घालून ती २,५०० रुपये करण्याचा निर्णय घेतला. ६०० ते १,००० हा टप्पा गाठण्यास अकरा वर्षे लागली. त्या अकरा वर्षांत तांदूळ, तेल आणि औषधे यांचे भाव मात्र थांबून राहिले नव्हते.

या योजनेच्या नावातच तिची मर्यादा दडलेली आहे. मदत मिळविण्यासाठी 'निराधार' असल्याचे सिद्ध करावे लागते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे, अशी अट सर्वसाधारण अर्जदारांस होती. दिव्यांगांसाठी ती ५०,००० रुपयांपर्यंत शिथिल करण्यात आली. महिन्याचा हिशेब केला तर ही रक्कम ४,२०० रुपयांच्या आसपास येते. केंद्र शासनाने २००९ मध्ये सुरू केलेले इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग निवृत्तिवेतन तर दारिद्र्यरेषेखालील, ८० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या आणि १८ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तींसाठी आहे. बालपण हा ज्या घराच्या सर्वाधिक धावपळीचा काळ, त्याच काळात हे निवृत्तिवेतन लागू होत नाही.

दयेकडून हक्काकडे

१९९५ साली संसदेने अपंग व्यक्तींसाठी समान संधी, हक्कांचे संरक्षण व संपूर्ण सहभाग देणारा कायदा केला. त्यामुळे सात प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता मिळाली आणि ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र हे बहुतेक सवलतींचे द्वार ठरले. १९९९ मध्ये स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चार अवस्थांसाठी राष्ट्रीय न्यास स्थापन करणारा कायदा झाला. आई-वडिलांच्या पश्चात मुलाचे काय, या प्रश्नाला कायद्याच्या भाषेत दिलेले हे पहिले मोठे उत्तर होय. मूल १८ वर्षांचे झाले तरी ज्याला स्वतःचे व्यवहार पाहता येत नाहीत, त्याच्यासाठी कायदेशीर पालक नेमण्याचा अधिकार या कायद्याने जिल्हा पातळीवरील समितीला दिला. जिल्हाधिकारी हे या समितीचे सदस्य असतात. याच न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण आहे आणि त्यात नियमित उपचारपद्धतींचाही खर्च धरला जातो. सर्वसाधारण विमा कंपन्या ज्या मुलांना दारातूनच परत पाठवीत, त्यांच्यासाठी ही तरतूद मोठी होती.

भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या दिव्यांग हक्कविषयक कराराला मान्यता दिली आणि त्याला अनुसरून २०१६ चा नवा कायदा आला. मान्य दिव्यांगत्वांची संख्या ७ वरून २१ झाली. ६ ते १८ वर्षे वयाच्या, ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या प्रत्येक बालकाला जवळच्या शाळेत अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी रक्कम इतरांपेक्षा किमान २५ टक्के अधिक असावी, असे या कायद्याने सांगितले. त्याच कलमात 'काळजीवाहक भत्ता' हा शब्द आला. ज्याला उठण्याबसण्यापासून जेवण्यापर्यंत दुसऱ्याचा आधार लागतो, त्याच्या काळजीवाहकासाठी भत्ता असावा, हे कायद्याच्या पुस्तकात लिहिले गेले. १९७४ च्या मदतनीस भत्त्यात उगवलेला विचार येथे चार दशकांनी पूर्ण वाक्य झाला.

या बाबतीत इतर देशांचा अनुभव पाहण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये १९७१ मध्ये सतत देखभाल लागणाऱ्या व्यक्तींसाठी भत्ता सुरू झाला. थॅलिडोमाइड या औषधामुळे जन्मतः व्यंग आलेल्या बालकांच्या कुटुंबांचा प्रश्न गाजल्यानंतर १९७३ मध्ये तेथे 'फॅमिली फंड' निर्माण झाला. तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाच्या घराला जे हवे असेल ते, मग ते कपडे धुण्याचे यंत्र असो की प्रवासखर्च, देण्याची त्याची रीत होती. १९७६ मध्ये नोकरी सोडून देखभाल करणाऱ्यांसाठीही भत्ता आला. मात्र विवाहित स्त्रिया घरीच असतात असे गृहीत धरून त्यांना तो नाकारला गेला. आपल्या आईची शुश्रूषा करणाऱ्या एका विवाहितेने युरोपीय न्यायालयात दाद मागितली, तेव्हा १९८६ मध्ये हा अन्याय दूर झाला. घरातील बाईचे श्रम हिशेबात धरायचे नसतात, ही समजूत केवळ कोकणातील नाही. आपल्या देशात केरळ राज्याने 'आश्वासकिरणम्' योजनेतून अंथरुणाला खिळलेल्या व तीव्र दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींच्या काळजीवाहकांना दरमहा अर्थसाहाय्य देण्यास आरंभ केला. रक्कम थोडी असली तरी ती देखभाल करणाऱ्या व्यक्तीच्या नावे आहे, हे विशेष.

नोकरदार व व्यापारी कुटुंबांसाठी

नियमित उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी मदतीचा मार्ग करसवलतीचा राहिला. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ८० डीडीनुसार दिव्यांग अवलंबिताच्या पालनपोषणासाठी उत्पन्नातून वजावट मिळू लागली. आर्थिक वर्ष २०१५-१६ पासून ती ४० टक्के दिव्यांगत्वास ७५,००० रुपये आणि ८० टक्के वा अधिक दिव्यांगत्वास १,२५,००० रुपये अशी ठरविण्यात आली. नव्या कररचनेचा पर्याय स्वीकारणाऱ्यास ही वजावट मिळत नाही, हे अनेक पालकांच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्राच्या १९७५ च्या व्यवसाय कर कायद्यातही मतिमंद अपत्याच्या पालकांना करातून सूट देण्यात आली आहे.

आयुर्विमा महामंडळाच्या 'जीवन आधार' या पॉलिसीची कहाणी पालकांच्या मनातील चिंता नेमकी दाखविते. पालकाने हप्ते भरावेत आणि त्याच्या मृत्यूनंतर दिव्यांग अपत्याला उत्पन्न मिळावे, अशी तिची रचना होती. करवजावटीची अटही तशीच होती. परंतु पालक वृद्ध झाला, कमाई थांबली, आणि पैशांची गरज त्याच्या हयातीतच निर्माण झाली तर काय? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने केंद्र शासनाला या तरतुदीचा फेरविचार करण्यास सांगितले आणि २०२२ च्या वित्त कायद्याने पालक वयाच्या साठाव्या वर्षी पोहोचल्यावर त्याच्या हयातीतही अपत्याला रक्कम मिळू देण्यास मान्यता दिली.

रजेच्या बाबतीतही पाऊल पुढे पडले. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये दिव्यांग अपत्य असलेल्या आपल्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची विशेष बालसंगोपन रजा दिली. पुढे हिमाचल प्रदेशातील एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी रजा नाकारणे हे स्त्रियांच्या नोकरीतील समान सहभागाच्या घटनात्मक कर्तव्याशी विसंगत ठरेल, असे मत व्यक्त केले.

मधल्या घराचे काय?

आतापर्यंतच्या या तरतुदी एकत्र मांडल्या म्हणजे एक पोकळी नजरेस येते. अगदी गरीब घराला निराधार अनुदानाचा आधार आहे. कर भरणाऱ्या घराला वजावट आहे. सरकारी नोकरदाराला रजा आहे. पण रत्नागिरीच्या बाजारपेठेतील दुकानात काम करणारा, रिक्षा चालविणारा, मासळीच्या किंवा आंब्याच्या हंगामावर घर चालविणारा, लहान किराणा दुकान सांभाळणारा मनुष्य या तिन्हींपैकी कोणत्याच रकान्यात बसत नाही. त्याचे उत्पन्न ५०,००० रुपयांच्या वर आहे म्हणून तो निराधार नाही. कर भरण्याइतके नाही म्हणून त्याला वजावटीचा उपयोग नाही. नोकरी पक्की नाही म्हणून रजाही नाही. कोकणातील दिव्यांग बालकांच्या घरांचा विचार करताना हे मधले घर सर्वप्रथम डोळ्यांसमोर आणावयास हवे.

त्यातून जिल्ह्याचा भूगोल. नऊ तालुके, डोंगर, खाड्या आणि पावसाळ्याचे चार महिने. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळे अंगणवाड्या व शाळांतून तपासणी होऊन मुलांतील दोष लवकर लक्षात येऊ लागले. शालेय विद्यार्थ्यांसाठी २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांची आणि दिव्यांग मुलींसाठी दरमहा २०० रुपये विद्यावेतनाची तरतूद झाली. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आला. ग्रामपंचायतीपासून नगरपरिषदेपर्यंत स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या निधीतील ५ टक्के वाटा दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा आहे. एस.टी.च्या भाड्यात दिव्यांग प्रवाशास ७५ टक्के सवलत आहे. तरीही प्रमाणपत्र व ओळखपत्र मिळेपर्यंत यांतील बहुतेक दारे बंदच राहतात, आणि त्या प्रमाणपत्रासाठी रुग्णालयात कराव्या लागणाऱ्या पहिल्या खेपा पूर्ण भाड्यानेच कराव्या लागतात.

समाजाची ओंजळ

जैन परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. अनुकंपादानाचा विचार तर त्याहून व्यापक आहे. सुपात्रदानात पात्राचा विचार असतो; अनुकंपादानात समोरच्याचे दुःख हीच त्याची पात्रता असते. शासनाला अट घालावीच लागते, कारण तो सार्वजनिक पैसा आहे. जेथे शासनाची अट माणसाला बाहेर ठेवते, तेथेच अनुकंपेच्या खात्याचे काम सुरू होते. संघांच्या वहीत देवद्रव्य, ज्ञानखाते, साधारण खाते यांच्याबरोबर अनुकंपा खातेही असते. पूर्वजांनी ही खाती वेगळी ठेवली, कारण प्रत्येकाचा हेतू वेगळा आहे आणि एकाचे धन दुसरीकडे वळू नये. या शिस्तीला धरूनच अनुकंपा खात्यातून आणि त्या हेतूने आलेल्या देणग्यांतून मधल्या घराचा विचार करता येण्यासारखा आहे.

त्यासाठी मोठ्या इमारतीची गरज नाही. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात अथवा दापोली, कळंबणी, कामथे येथील उपजिल्हा रुग्णालयांत जाणाऱ्या पालकाच्या गाडीभाड्याची सोय. निरामय योजनेचे अर्ज भरून देणारे आणि दरवर्षी मुदत संपण्यापूर्वी आठवण करून देणारे दोन सुशिक्षित तरुण. मूल १८ वर्षांचे होत आले की कायदेशीर पालकत्वाची माहिती देणारा एक वकील. वाढत्या मुलाचे कॅलिपर बदलण्यासाठी ठेवलेला छोटा निधी. आणि आईला महिन्यातून काही तास विसावा मिळावा म्हणून मुलाजवळ बसणारी शेजारीण. यांतील प्रत्येक गोष्ट अल्प खर्चाची आहे. परंतु शासनाच्या ज्या योजनेचा लाभ केवळ अर्ज न भरल्यामुळे बुडतो, तो अशा एका मदतीने वर्षानुवर्षे मिळत राहतो. पेढीच्या भाषेत सांगावयाचे तर इतक्या थोड्या भांडवलावर इतका दीर्घ परतावा देणारा दुसरा व्यवहार सापडणे कठीण.

एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. मदत देताना त्या घराचा मान राखला गेला पाहिजे. व्यासपीठावर बोलावून, हार घालून, छायाचित्र काढून दिलेली रक्कम घेताना आईची मान खाली जाते आणि पुढच्या वर्षी गरज असूनही ती येत नाही. गुप्तदानाची थोर परंपरा असलेल्या समाजाला हे अधिक सांगावयास नको.

१९१२ च्या कायद्याने ज्या मुलाला मनोरुग्णांत गणले, त्याला २०१६ च्या कायद्याने हक्काचा नागरिक म्हटले. शतकाचा हा प्रवास शाळा काढणाऱ्या मातांनी, कोर्टाची पायरी चढणाऱ्या पित्यांनी, कारागिरांनी, डॉक्टरांनी आणि नाव न सांगणाऱ्या देणगीदारांनी पुढे नेला. त्याचे अखेरचे अंतर अजून शिल्लक आहे. ते दिल्ली किंवा मुंबईपासूनचे नसून वाडीतील घरापासून तालुक्याच्या कार्यालयापर्यंतचे आहे. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी समाजबांधवांनी आपल्या आळीतील, आपल्या गावातील अशा एका घराची ओळख करून घेतली, त्या घराच्या वहीतील न लिहिलेला खर्च एकदा त्यांच्याबरोबर बसून लिहिला आणि त्यातील एक ओळ आपल्या नावे लावून घेतली, तर त्या घरातील आई-वडिलांच्या ओठांवरील "आमच्या पश्चात याचे कोण?" या प्रश्नाला गावातूनच उत्तर मिळेल.